कडीपाट काढण्यापूर्वी

अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठावर वसलेले आहे, आणि असदगडाच्या बुरुजांपासून राजराजेश्वराच्या देवळापर्यंत पसरलेल्या त्याच्या गल्ल्यांतून जो कोणी चैत्र-वैशाखाच्या दिवसांत फिरेल त्याच्या दृष्टीस एक देखावा हटकून पडेल: कोण्या एका जुन्या घराची माडी उघडी पडलेली आहे, अनेक पिढ्यांच्या चुलीच्या धुराने काळवंडलेल्या सागवानी तुळया गल्लीत एकीवर एक रचून ठेवलेल्या आहेत, जुन्या लाकडाचा व्यापारी टेप लावून त्यांचे घनफूट मोजतो आहे, आणि ज्या मातीच्या भिंतींवरून त्या उतरवल्या त्याच भिंतींच्या माथ्यावर सेंट्रिंगच्या फळ्या चढवण्याची तयारी चालली आहे. मृगाच्या आधी स्लॅब पडला पाहिजे, ही निकड घरमालकापासून बिगाऱ्यापर्यंत सर्वांच्या हालचालींत दिसते. लाकडाच्या विक्रीतून सळयांचा खर्च भागतो, घर 'पक्के' होते, आणि पुढल्या पिढीची चिंता मिटली अशा समाधानाने घरचा कर्ता पुरुष नारळ फोडतो.

या समाधानाविषयीच मला काही निवेदन करावयाचे आहे. सिमेंट-काँक्रीटची निंदा करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या द्रव्याने धरणे बांधली आणि पूल उभारले त्याचा द्वेष करण्यात शहाणपणा नाही. जुने ते सर्व पूज्य, असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडतो, की मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू नये. टाकायचाच झाला तर तो स्वतःच्या खांबांवर आणि स्वतःच्या पायावर उभा करावा. आणि तेवढी ऐपत किंवा तेवढी जागा नसेल, तर आहे ती लाकडी पाटणी नीट दुरुस्त करून वापरावी. या तिन्हींपैकी पहिलीच गोष्ट, म्हणजे नेमकी जी करू नये तीच, आज आमच्या गल्ल्यांत सर्वांत अधिक होते.

हे का होऊ नये ते कळण्यासाठी जुने घर उभे कसे राहते ते आधी पाहिले पाहिजे. वऱ्हाडातील जुन्या वाड्याच्या भिंती पांढरीच्या मातीच्या, खालच्या बाजूस दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या; या भिंतींना लगटून, आणि कित्येकदा त्यांच्या पोटात, सागवानी खांब उभे असतात; प्रत्येक खांबाच्या बुडाशी घडीव दगडाचा तळखडा असतो, म्हणजे खांबाचा पाय जमिनीच्या ओलीला शिवत नाही; खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर हात-सव्वाहात अंतराने कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर चारेक इंच मातीचा थर चोपून वर शेणाचे सारवण. यालाच आपण कडीपाट म्हणतो. माडीचे आणि माडीवरील धाब्याचे सारे ओझे कड्यांवरून तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून तळखड्यावर उतरते. भिंत ऊन-पाऊस अडवते, चोराला अडवते, घरातल्या माणसांना आडोसा देते. परंतु घराचा खरा भारवाही खांब असतो. भिंतीचा काही भाग पडला तरी माडी उभी राहिली, असे प्रसंग जुन्या माणसांच्या आठवणीत असतात, त्याचे कारण हेच.

अशी घरे बांधण्यास पैसा कोठून आला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडल्यामुळे इकडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. त्या सुबत्तेचे सोने कोणी अंगावर घातले असेल, कोणी शेतात घातले असेल, पण बरेचसे सागवानाच्या रूपाने घरांतही उतरले. मेळघाटचा साग जवळच होता आणि परतवाड्याची लाकडाची पेठ आजही नावाजलेली आहे. म्हणून आज जी तुळई गल्लीत मोजली जाते ती केवळ जळाऊ जुनाट वस्तू नव्हे. तशा जाडीची, तशा पोताची आणि तशी मुरलेली लाकडे आता बाजारात सहजासहजी मिळत नाहीत, आणि व्यापारी ती घरमालकाच्या दारात येऊन रोख पैसे मोजून नेतो, यावरूनच तिची खरी किंमत ओळखावी.

आता या घरातून कडीपाट काढून त्याजागी स्लॅब टाकला म्हणजे काय घडते? पहिली गोष्ट वजनाची. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा एका खोलीवर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला तर तो सुमारे ३५ क्विंटल भरतो, आणि वरची फरशी, तिच्याखालचा मसाला, खालचा गिलावा हे सर्व धरले तर हिशोब ४५ क्विंटलांच्या पुढे जातो. जुन्या पाटणीचे लाकूड त्याच खोलीत चार-पाच क्विंटलांहून अधिक क्वचितच असेल; मात्र न्यायाने बोलायचे तर तिच्यावरील चार इंच मातीही १८-२० क्विंटल भरते, आणि जेथे पिढ्यानुपिढ्या थरावर थर चढवले आहेत तेथे याहूनही अधिक. तेव्हा वजन दुपटीच्या आसपास वाढते असे म्हणू. परंतु केवळ वजनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की ते वजन कोणाच्या खांद्यावर जाते. स्लॅब टाकताना खांब काढले जातात, कारण ते 'मध्ये येतात' आणि त्यांचे पैसे होतात. आणि मग आयुष्यभर जिने केवळ आडोसा दिला त्या मातीच्या भिंतीत चार-सहा इंचांची खाच खोदून तिच्या कडेवर हे सारे ओझे टेकवले जाते. शंभर वर्षे ज्याने ओझे वाहिले त्याला घराबाहेर काढायचे आणि ज्याने कधीच वाहिले नाही त्याच्या डोक्यावर दुप्पट द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. काँक्रीटला बळ यावे म्हणून त्यावर दहा-पंधरा दिवस पाणी मारावे लागते. गडीमाणसे मातीचे आळे करून स्लॅबवर पाणी साठवतात, आणि ते योग्यच आहे. पण ते पाणी शेवटी जाते कोठे? स्लॅबच्या कडांमधून ते पांढरीच्या भिंतीच्या माथ्यात मुरते. कोरडी असताना दगडासारखी टणक असणारी ही माती ओली झाली की लोण्यासारखी होते, हे वऱ्हाडातील शेंबडे पोरही जाणते. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात, जेव्हा भिंतीवर तिच्या जन्मातले सर्वांत मोठे ओझे येऊन बसलेले असते, आपण तिला माथ्यापासून भिजवत असतो.

तिसरी गोष्ट जमिनीची. अकोल्याभोवतीची काळी जमीन कापसाला आई आहे, पण घराच्या पायाला ती विश्वासाची नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभे असलेले घर वर्षातून एकदा किंचित वर येते आणि किंचित खाली बसते. लाकडाचे सांधे ही हालचाल सोसतात. खुंटी थोडी करकरते, दार थोडे अडकते, आणि कार्तिकात पुन्हा सरळ होते. स्लॅबला करकरण्याची सोय नाही. तो अखंड आणि ताठ असल्यामुळे खालची भिंत एका कोपऱ्यात बसली की दुसऱ्या कोपऱ्यावर ओझे एकवटते, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघालेली भेग वर्षागणिक रुंदावत जाते.

हे सर्व मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमचे वडिलोपार्जित घर जुन्या शहरात आहे. वाटणीपत्राप्रमाणे त्याचे तीन हिस्से झाले, आणि मधल्या हिस्सेदाराने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, काही वर्षांपूर्वी आपल्या वाट्याची माडी उतरवून स्लॅब टाकला. त्याच्या आणि आमच्या माजघरामधली भिंत सामाईक. वैशाखात काम झाले, सर्वांनी पेढे खाल्ले, आणि त्याचे नवे पांढरेशुभ्र छत पाहून आमच्या घरातील बायकांनाही हेवा वाटला, हे मी लपवीत नाही. आषाढात पावसाची झड लागली. एका रात्री माझी आई उठून म्हणाली, ''माजघरात उंदीर झालेत वाटतं, माती पडून राहिली.'' दिवा लावून पाहिले तेव्हा उंदीर नव्हते. सामाईक भिंतीच्या गिलाव्याआडून साखर सांडावी तशी बारीक माती अखंड झरत होती, आणि सकाळच्या उजेडात दिसले की कमरेच्या उंचीपासून छातीच्या उंचीपर्यंत भिंतीने पोट काढले आहे. ज्याने ते काम केले होते त्या कंत्राटदाराने येऊन पाहिले आणि 'गिलावा फुगला आहे' असे सांगून तो गेला. आम्ही दोन्ही घरांतील माणसे त्याच दिवशी बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले, आणि पावसाळा नातेवाइकांकडे काढला. जीव वाचले ही राजराजेश्वराची कृपा. पण पुढे त्याच स्लॅबखाली चार खांब नव्याने उभारण्यासाठी जो खर्च आला तो मूळ स्लॅबच्या खर्चापेक्षा कमी नव्हता, आणि तो आधीच केला असता तर त्या आषाढात दोन कुटुंबे परागंदा झाली नसती.

त्याच वर्षी आमच्या हिश्शातील कडीपाटाचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला, कारण घरात सर्वांचेच मन धास्तावले होते. एका वृद्ध सुतारमिस्त्रीला बोलावून आणले. त्यांनी आल्याबरोबर भाव सांगितला नाही, की 'पाडून टाका' असेही म्हटले नाही. शिडी लावून भिंतीजवळची एक फळी त्यांनी अलगद उचलली, माती हाताने बाजूला केली, आणि तुळईच्या मध्यभागी गिरमिटाने एक बारीक छिद्र पाडले. आतून निघालेला भुसा कोरडा, सोनेरी आणि सागाच्या वासाचा होता. मग तुळईचे जे टोक भिंतीत शिरले होते तेथे त्यांनी तेच गिरमिट लावले, आणि यावेळी ते दाब न देताच आत गेले. बाहेर आला तो काळा, ओलसर लगदा. तो तळहातावर घेऊन ते म्हणाले, ''भाऊ, लाकूड काही आपल्या मनानं सडत नाही. भित ओली हाय, तिनं सडवलं त्याले. टोक तेवढं बदला, बाकी तुळई तं तुमच्या नातवालेही पुरंल.''

त्या वाक्यात या विषयाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिला तर त्याला बुरशी कुजवू शकत नाही. कोरड्या जागी ठेवलेला साग शतकानुशतके टिकतो. म्हणून तुळई सडलेली सापडली तर पहिला प्रश्न 'लाकूड केव्हा बदलायचे' हा नसून 'पाणी कोठून येते' हा असला पाहिजे. आमच्या घरी उत्तर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मिळाले: धाब्याची पन्हळ तुटलेली होती, आणि माझ्याच वडिलांनी, घर मजबूत व्हावे या सद्भावनेने, पूर्वीचा माती-चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचा गिलावा करविला होता. मातीची भिंत पाणी पिते आणि उन्हात ते टाकून देते. तिच्यावर सिमेंटचे कवच चढवले की भेगांतून शिरलेले पाणी बाहेर येऊ शकत नाही, आणि जे लाकूड तिच्या पोटात असते ते त्या कोंडलेल्या ओलीत बारमाही बसून राहते. वाळवी, जिला आपल्याकडे उधई म्हणतात, तीही याच ओलीच्या वाटेने येते.

हीच कथा खालच्या जमिनीची. शेणाने सारवलेली मातीची जमीन भूगर्भातील ओल हळूहळू हवेत सोडत असे. तिच्यावर कोबा करून चकचकीत टाइल्स बसवल्या म्हणजे ती ओल नाहीशी होत नाही. तिला वर यायला वाट उरत नाही म्हणून ती बाजूला सरकते आणि भिंतीतून चढते, आणि मग ज्या घरात कधी ओल नव्हती तेथे हात-दीड हात उंचीपर्यंत गिलाव्याला लोणा लागतो. इंग्लंडातील जुन्या घरांत तळमजल्याची लाकडी जमीन मातीपासून वर उचललेली असे आणि तिच्याखाली वारा खेळावा म्हणून भिंतीत जाळ्या ठेवलेल्या असत. तेथेही पुष्कळांनी ती काढून खाली घट्ट काँक्रीट भरले, आणि तेथेही खालची ओल भिंतींतून वर चढू लागल्याचा अनुभव आला. हवामान निराळे, बांधणी निराळी, पण पाण्याचा स्वभाव दोन्हीकडे एकच. आपल्याकडे याला आणखी एक जोड आहे: प्रत्येक वेळी नवी फरशी घालताना जुनीवरच थर चढवला जातो, जमीन चार-सहा इंचांनी वर येते, आणि तळखडा तिच्यात गाडला जातो. ज्या दगडावर खांबाचा पाय कोरडा राहावा म्हणून पूर्वजांनी एवढी योजना केली, तोच दगड बुडतो आणि खांबाचा पाय ओलीत उभा राहतो. आपल्या ओसरीतील खांब पाहा. त्यांचे तळखडे दिसत नसतील तर ते कोठे गेले याचा विचार करा.

भूकंपाचे उदाहरण देऊन भीती घालण्याची माझी इच्छा नाही, पण दोन-तीन अनुभव सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जी घरे कोसळली त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या आणि माथ्यावर मातीचे जाड थर होते; हजारो माणसे त्या दगड-मातीखाली गाडली गेली. लाकूड वापरले म्हणजे घर सुरक्षित झाले, असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही. परंतु जेथे खणांची लाकडी चौकट शाबूत आणि खिळवलेली होती तेथे भिंती बाहेर ढासळूनही चौकट उभी राहिल्याची उदाहरणे त्याच भागात आढळली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये उलट बाजू दिसली: दुबळ्या दगडी भिंतींवर टाकलेले जड स्लॅब भिंती फाकताच सबंधच्या सबंध खाली आले. आणि इटलीतील उंब्रिया प्रांतात तर आपल्या प्रश्नाचेच उत्तर मिळते. तेथील १९७९ च्या भूकंपानंतर मजबुतीच्या नावाखाली पुष्कळ जुन्या दगडी घरांतील लाकडी पाटण्या आणि छपरे काढून त्यांजागी काँक्रीट घालण्यात आले. सप्टेंबर १९९७ मध्ये पुन्हा धरणी हलली तेव्हा सेल्लानोसारख्या गावांत अशाच 'सुधारलेल्या' कित्येक घरांचे जड, ताठ माथे खालच्या दुबळ्या भिंतींना पेलवले नाहीत. त्यानंतर तेथील अभियंत्यांनी आपला मार्ग बदलला. लाकडी पाटणी ठेवून तिच्यावर फळ्यांचा दुसरा आडवा थर ठोकावा, आणि लोखंडी पट्ट्यांनी ती चारही भिंतींना जखडावी, या उपायाला त्यांनी अधिक महत्त्व दिले. जो प्रयोग तेथे फसला तोच आपण आपल्या खर्चाने पुन्हा का करावा?

आता लोक स्लॅबकडे का वळतात हेही निर्मळ मनाने समजून घेतले पाहिजे, कारण त्यांची गाऱ्हाणी खोटी नाहीत. कडीपाटातून रात्रंदिवस माती पडते. ताटात पडते, पाळण्यात पडते. फटींतून विंचू निघतात, कधी सापही निघतो. वर कोणी चालले तर खाली बोलणे ऐकू येत नाही. आगीचे भय तर इतिहासानेच नोंदवले आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली पेटला तेव्हा त्याचे लाकडी मजले भस्मसात झाले आणि दगडी जोती तेवढी उरली. शिवाय मुलीला पाहायला आलेली मंडळी वर नजर टाकून घर जोखतात, मातीच्या घरावर कर्ज मिळवणे सोपे नाही, आणि जाणते सुतार दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. या अडचणी सोसत राहा असा उपदेश मी कोणत्या तोंडाने करू? पण यांतील जवळजवळ प्रत्येक अडचणीला घर न पाडता उत्तर आहे. वरचा मातीचा थर पूर्ण काढून टाकला की पाटणीचे तीन-चतुर्थांशांहून अधिक वजन एका दिवसात उतरते. त्याजागी फळ्यांचा दुसरा थर आडवा ठोकला की माती पडणे थांबते, फटी बुजतात आणि पाटणी ताठ होते. सडलेले टोक कापून तेथे जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने आणि बोल्टने जोडता येतो. ते जमत नसेल तर तुळईच्या बगलेला लोखंडी गर्डर खांबावर टेकवता येतो. भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली की त्याला हवा लागते. विजेच्या जुन्या तारा बदलून नळीत घातल्या की आगीचे एक मोठे कारण दूर होते. आणि ज्यांना उंदीर-विंचवांपासून सुटका हवी आहे त्यांची सुटका माती काढण्याने होते. त्यासाठी काँक्रीटची आवश्यकता नाही.

उन्हाची गोष्टही जाता जाता सांगितली पाहिजे. मधल्या पाटणीला ऊन लागत नाही हे खरे, परंतु माडीचा स्लॅब झाला की धाब्याचाही होतो, हा सर्वत्र अनुभव आहे. आणि ज्या शहरात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेथे दिवसभर तापलेला उघडा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. जाड मातीच्या धाब्याखाली दुपारी झोपलेले आमचे आजोबा आणि स्लॅबखाली दोन कूलर लावूनही तळमळणारी आमची मुले, यांतील भेद वऱ्हाडी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही काही घरे अशी असतात, की ज्यांचे लाकूड खरोखरच संपलेले असते, किंवा कुटुंब वाढल्यामुळे दुसरा मजला आवश्यकच असतो. अशा ठिकाणी स्लॅब अवश्य टाकावा. मात्र तो कंत्राटदाराच्या अंदाजावर न सोडता संरचनेच्या जाणत्या अभियंत्याकडून नकाशा करवून घ्यावा, काळ्या जमिनीचा विचार करून खांबांचे पाये खोल न्यावेत, आणि मातीची भिंत ठेवायची असेल तर ती पुन्हा केवळ आडोसा म्हणूनच ठेवावी. तुळया काढतानाही सर्व एकदम काढू नयेत. समोरासमोरच्या दोन उंच भिंतींना त्याच तुळया एकमेकींशी बांधून ठेवतात, आणि त्या एका दिवसात उतरवल्या की निराधार झालेल्या भिंती खाली काम करणाऱ्या मजुरांवर पडण्याचा धोका असतो. घर आपले असले, तरी त्या भिंतीखाली उभा असलेला बिगारी कोणाचा तरी बाप असतो.

यापुढचे निवेदन सरकार-दरबारी आहे. अकोला महानगरपालिका २००१ साली अस्तित्वात आली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये धोकादायक इमारतीच्या मालकास ती पाडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार पालिकेस आहे, आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनेची तपासणी करवून घेण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे. कायद्यात 'दुरुस्ती' हा शब्द 'पाडणे' या शब्दाच्या बरोबरीने आहे. मग नोटीस हाती पडताच मालकाच्या मनात केवळ पाडण्याचाच विचार का यावा? कारण दुरुस्ती म्हणजे काय, ती कोण करील आणि ती योग्य झाली असा दाखला कोण देईल, हे त्याला कोणी सांगत नाही. माझी नम्र सूचना अशी, की पालिकेने जुन्या शहरातील माती-लाकडाच्या घरांची गल्लीवार पाहणी करवून नोंदवही तयार करावी. नोटिशीसोबत तपासणाऱ्याच्या सहीचा लेखी तपशील द्यावा, ज्यात कोणते लाकूड निकामी आहे, कोणते शाबूत आहे आणि पाणी कोठून मुरते हे स्पष्ट लिहिलेले असेल. लाकडी पाटणीच्या दुरुस्तीची परवानगी अल्प मुदतीत मिळावी. आणि मातीच्या भिंतीवर थेट टेकवलेल्या स्लॅबला परवानगीच देऊ नये. हिस्सेदारांच्या सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घेतली जाते की नाही हे पाहिले, तर कचेरीत येणाऱ्या निम्म्या फिर्यादी येणारच नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना जुन्या तुळईचे टोक कसे जोडावे हेही शिकवले जावे, आणि ज्या चार-दोन वृद्ध मिस्त्रींच्या हातात ही विद्या अजून आहे त्यांना मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावे. ते गेल्यावर ही विद्या कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

आमच्या घरातील त्या तुळईचे टोक बदलले, त्याला आता काही पावसाळे लोटले. बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला, पन्हळ नवी बसवली, आणि माजघरातील दोन खांबांभोवतीची फरशी खणून गाडले गेलेले तळखडे उघडे केले. त्यांवरची कमळाची पाकळी मी त्या दिवशी जन्मात प्रथमच पाहिली. यात आमचे काही असामान्य कर्तृत्व नाही. ज्या मिस्त्रींनी फळी उचलून आत पाहिले त्यांच्याजागी भाव सांगणारा दुसरा कोणी आला असता, तर त्या तुळयाही आज परगावच्या एखाद्या उपाहारगृहाची शोभा वाढवीत असत्या.

म्हणून जुन्या शहरातील प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाला माझी हात जोडून विनंती आहे. होळी झाल्यावर, मिस्त्री-कंत्राटदारांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, एक दिवस स्वतःच्या घरासाठी काढा. माडीवर जा, भिंतीलगतची एकच फळी उचला, माती सारा, आणि तुळईच्या टोकाला एखादा पेचकस टोचून पाहा. तो आत गेला तर पाणी कोठून येते ते शोधा. नाही गेला तर ती तुळई विकू नका. उचललेली फळी पुन्हा बसवता येते. विकलेली तुळई पुन्हा चढवता येत नाही.